परंड्याचे सुभेदार

आमच्या सरांचा कुणावरच विश्वास नव्हता, आणि परंड्यात सरांवर कुणाचा नव्हता. तरीही त्यांचा क्लास चालायचा, आणि बऱ्यापैकी चालायचा.

क्लास म्हणजे किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका खताच्या दुकानामागची लांबुडकी खोली. तिथं पूर्वी फवारणीच्या औषधाचे डबे ठेवायचे, त्यामुळं नव्या मुलांना पहिले आठ दिवस मळमळायचं. भिंतीवर ना नकाशा, ना कुणा शूरवीराचं चित्र. एक फळा, दोन सतरंज्या आणि सरांची लोखंडी खुर्ची, तीही दाराकडं तोंड करून ठेवलेली, कारण दाराकडं पाठ करून बसणं त्यांना मंजूर नव्हतं. लष्करी अधिकाऱ्यांच्या अकादमीची प्रवेश परीक्षा देणाऱ्या मुलांना ते तिथं तयार करायचे. गणित, इंग्रजी आम्ही आपापलं करायचो, त्यात त्यांना रस नव्हता. लेखी पास झाल्यावर लांबच्या एखाद्या शहरात पाच दिवसांची निवड असते. तिथं मानसशास्त्रज्ञ, मैदानावरचे अधिकारी आणि मुलाखत घेणारे साहेब मिळून माणूस उलटासुलटा करून बघतात. सर तेवढ्याचीच तयारी करून घ्यायचे, आणि फी घ्यायचे नाहीत.

फी घेत नाहीत म्हटल्यावर गावाच्या पोटात दुखायला लागलं. फी घेतली असती तर कुणी ढुंकूनही बघितलं नसतं. माझे वडील जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर. कुणी आजारी म्हैस घेऊन आलं की ते आधी मालकाकडं निरखून बघायचे, मग म्हशीकडं. ते म्हणाले, "फुकट शिकवतो म्हंजे कायतरी हाय. एकटा ऱ्हातो, कुणाच्यात मिसळत न्हाय, कुणाच्या घरचं पाणी पीत न्हाय. पोरीच्या जातीला असल्या ठिकाणी सोडायचं म्हंजे इचार करावा लागंल."

मुलींना अकादमीचं दार नुकतंच उघडलं होतं आणि मला त्यातून आत जायचंच होतं. दुसरं काही डोक्यात नव्हतं. शेवटी पहिल्या दिवशी आई सोबत आली. सरांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते आईला म्हणाले, "बाई, तुमी रोज येत जा."

"रोज?" आई गडबडली.

"माझ्यावर कुणाचा तरी डोळा असल्याला बरा. एकट्या माणसाचा काय भरवसा?"

घरी जाताना आई म्हणाली, "सोताचा बी भरवसा न्हाय म्हणतोय. म्हंजे माणूस चांगला तरी असंल, न्हायतर लईच पोचल्याला असंल." दोन्हींपैकी काय ते शोधायला ती दुसऱ्या दिवसापासून सूप आणि तुरीची डाळ घेऊन क्लासला यायला लागली. कोपऱ्यात बसून डाळ निवडायची आणि एक डोळा सरांवर ठेवायची. सर अधूनमधून तिच्याकडं बघून घ्यायचे, डोळा जागेवर आहे ना म्हणून.

सरांचा एक ठरलेला प्रश्न होता. कुणाचंही उत्तर झटकन आलं की ते डोळे बारीक करायचे आणि विचारायचे, "पाठ हाय का खरं?"

"खरं, सर."

"मग येवढं गुळगुळीत कसं?"

या निवडीत एक शब्दांची परीक्षा असते. एक शब्द दाखवतात आणि पंधरा सेकंदांत त्यावर मनात येईल ते वाक्य लिहायचं. सर शब्द ओरडायचे आणि आम्ही आधीच घोकून ठेवलेली वाक्यं ठोकून द्यायचो. "अंधार" म्हटलं की खोलीतून चार आवाज यायचे, ज्ञानाच्या दिव्यानं अंधार दूर होतो. एकदा कोपऱ्यातून आई बोलली, "अंधार म्हंजे वायरमनला फोन." पोरं हसली. सर हसले नाहीत. "भीती," ते आईकडं बघून म्हणाले. आम्ही लिहीत होतो, भीतीवर मात करणारा जिंकतो. आई म्हणाली, "मला पालीची वाटते." सरांनी खडू खाली ठेवला. "ह्या खोलीत एकच माणूस पास हाय," ते म्हणाले, "आन त्यांनी फॉर्म भरल्याला न्हाय."

चित्रावरून गोष्ट लिहायची परीक्षाही असायची. चित्र कसलंही असो, आमच्या गोष्टीत गावाला पूर यायचा, नायक तरुणांना गोळा करायचा, पूल बांधायचा, आणि शेवटी कलेक्टर सत्कार करायचे. सरांनी एकदा सगळ्या वह्या मांडीवर घेतल्या. "ह्या खोलीत बसून तुमी गेल्या म्हैन्यात सतरा पूल बांधले. दाराम्होरचा नळ चार दिवस झालं गळतोय. त्याला वायसर कुणी बसवायचा?" त्या दिवशी कुणालाच गोष्ट सुचली नाही. आमच्यातल्या एकानं दुसऱ्या दिवशी वॉशर आणून बसवला, तर सर म्हणाले, "म्या बोललो म्हणून बसवलास. आता त्ये बी पाठच झालं."

त्यांच्या संशयाला सुट्टी नव्हती. आम्ही फॉर्ममध्ये जे लिहू ते ते तपासायला घरी जायचे. एका मुलानं छंद म्हणून वाचन लिहिलं होतं. सर भर दुपारी त्याच्या घरी गेले, दारात उभे राहून घरभर नजर फिरवून आले. पुस्तक म्हणाल तर भिंतीवर बियाणं कंपनीचं गेल्या सालचं कॅलेंडर होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत विचारलं, "दिवसभर करतोस काय तू?" तो लाल झाला. म्हणाला, "कबुतरं पाळलीत, सर." सर म्हणाले, "मग कबुतरं लिही की! सायेब धा प्रश्न इचारंल, तू इस उत्तरं देशील." त्या मुलाची निवड झाली. मुलाखतीत निम्मा वेळ कबुतरांवरच गेला म्हणून तो सांगत होता. मी छंद म्हणून गिर्यारोहण लिहिलं होतं. सरांनी विचारलं, "कुठला डोंगर?" परंड्यात डोंगर कुठला आलाय! मी किल्ल्याचं नाव घेतलं. "किती येळा चढलीस तटावर?" "शंभरदा तरी." "कशाला?" मला खरं सांगावं लागलं की आमची एक शेळी फार वांड होती, सुटली की तटावर जायची. "मग शेळी लिही," सर म्हणाले. माझ्या जिवावर आलं, पण लिहिलं.

रविवारी मात्र एक विचित्र प्रकार असायचा. सगळ्यांनी डबे आणायचे आणि एका रांगेत बसून जेवायचं. सर जेवायचे नाहीत. हात पाठीशी बांधून रांगेच्या मागून फिरायचे आणि बघायचे. कोण दुसऱ्याच्या डब्यात डोकावतो, कोण पाणी सांडल्यावर इकडंतिकडं बघतो, कोण भाकरी लपवून चपाती वर ठेवतो, सगळं बघायचे. "जेवताना माणसाचं तोंड भरल्यालं असतं," म्हणायचे, "तवा हात खरं बोलत्यात." आईला हे अजिबात आवडायचं नाही. खाणाऱ्याच्या ताटात बघू नये एवढं साधं या माणसाला कळत नाही का, असं ती दर रविवारी म्हणायची. मला वेगळीच शंका यायची. निवडीच्या तिसऱ्या दिवशी दुपारनंतर मुलं ढिली पडतात, मुलाखत बिघडलेला मुलगा बाहेर आल्यावर पाणी पीत नाही, चहाच मागतो, असलं बारीकसारीक त्यांना कुठून कळलं होतं? एवढं आतलं माहीत असलेला माणूस बंदुकीबद्दल, सरहद्दीबद्दल, बर्फाबद्दल एक अक्षर बोलत नव्हता. वडिलांनी एकदा मुद्दाम विचारलं, "सुभेदार, तुमच्या वेळी रायफल कुठली हुती?" तर त्यांनी वडिलांना जनावरांच्या खुरकुताच्या लशीबद्दल विचारलं.

सुभेदार ही पदवी गावानं दिली होती. काळी पत्र्याची ट्रंक घेऊन ते गावात आले तेव्हा ताठ कणा, गुळगुळीत दाढी आणि चकचकीत बूट बघून लोकांनी त्यांना हवालदार केलं. वर्षाभरात नायब सुभेदार झाले. क्लास सुरू झाल्यावर पूर्ण सुभेदार. निवृत्तीनंतर इतक्या भराभर बढत्या मिळालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण प्रजासत्ताक दिनाला तालुक्यातले माजी सैनिक पदकं लावून पुढच्या रांगेत उभे राहायचे, आणि आमचे सुभेदार मागं, गर्दीच्याही मागं, भेळवाल्याच्या गाड्याशेजारी. घरात वर्दीतला एक फोटो नाही. कुणी म्हणायचं, कोर्टमार्शल झालंय. कुणी म्हणायचं, पळून आलाय. वडिलांचं मत पळून आल्याच्या बाजूला होतं. मीही मनातल्या मनात त्यांच्यावर एक फाईल उघडली होती. चहाचा कप खाली ठेवताना ते त्याचा कान नेहमी उजवीकडं करून का ठेवतात, खोलीत कुणी मोठा माणूस आला की दोन पावलं मागं का सरतात, हे सगळं मी त्यात घालत होते.

ही फाईल आमच्याच दारात उघडी पडली. माझ्या भावाच्या लग्नानंतर आम्ही जागरण-गोंधळ घातला होता. अणदूरचा खंडोबा आमचं कुलदैवत. सरांना आमंत्रण होतं, पण ते कुणाकडं जेवत नसल्यामुळं येणार नाहीत असं सगळे धरून चालले होते. आले. कोपऱ्यात उभे राहिले. पंगत बसली आणि वाढणाऱ्या पोरांचा गोंधळ उडाला. वरण एकाला दोनदा, भात कुणालाच नाही. सरांनी बघितलं, बघितलं, आणि एका पोराच्या हातातून पळी काढून घेतली.

त्यानंतर जे झालं ते आमच्या भावकीत अजून सांगतात. पातेलं धरून एक पोरगं मागून चाललं होतं. डाव्या दंडावर चार वाट्या, आणि मग तो हात मोकळा होताच सरळ पाठीशी. उजव्या हातानं वाढत ते पंगतीवरून असे गेले की जमिनीवर एक शीत पडलं नाही. कुणाच्या तोंडाकडं बघितलं नाही, फक्त ताटांकडं. कुणाला काय हवंय ते मागायच्या आधी ताटात पडत होतं. एका म्हाताऱ्यानं नको म्हणून हात आडवा धरला, तर त्या हाताखालून त्याच्या ताटात लिंबाची फोड आली आणि म्हातारा खूश झाला. शंभर माणसांची पंगत त्यांनी जवळजवळ एकट्यानं उठवली, हात धुतले आणि न जेवता निघून गेले.

सगळे वाहवा करत होते. आई चुलीजवळ उभी होती. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ह्या माणसानं बंदूक धरल्याली न्हाय. ह्यानं पळी धरलीय, आन ती बी लई वर्सं."

मला ते लगेच पटलं, आणि तेच वाईट झालं. कपाचा कान, मागं सरणं, पाठीशी बांधलेला हात, सगळं एका क्षणात जागेवर बसलं. मला चीड आली. मी अधिकारी व्हायला निघाले होते, आणि ज्यांच्या शब्दावर मी माझी शेळी फॉर्ममध्ये लिहिली होती ते कुठल्यातरी मेसमध्ये ताटं वाढणारे निघाले. मैत्रिणींना मी दोन वर्षं "आमचे सुभेदार सर" म्हणून सांगत होते. आई म्हणाली, "इचार की त्यास्नी सरळ." मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते खरं झालं असतं. मला ते खरं व्हायला नको होतं.

महिन्याभरात मी लेखी पास झाल्याचं कळलं आणि निवडीचं बोलावणं आलं. कुर्डुवाडीपर्यंत बसनं आणि पुढं रेल्वेनं वडील सोडायला आले आणि परत गेले. पहिल्या दिवशीची चाळणी पार झाली. शब्द झाले, गोष्ट झाली. माझ्या गोष्टीत पूर आला नाही, एका बाईनं नळाला वॉशर बसवला. मैदानावर मी दोरावरून पडले आणि पुन्हा चढले. सगळं बरं चाललं होतं. मुलाखतीत साहेबांनी किल्ल्याचं विचारलं, शेळीचं विचारलं, ते दोनदा मनापासून हसले. मग सहज विचारलं, "तुला तयारी कुणी करून दिली?"

"निवृत्त सुभेदार आहेत, सर," मी म्हणाले.

"छान. कुठल्या शाखेतले?"

"तोफखाना."

"शेवटी कुठं होते?"

"काश्मीरमध्ये."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग तोफेबद्दल काही सांगितलं असेल की."

मी म्हणाले, "फार आवाज होतो म्हणाले."

साहेबांचा पुढचा प्रश्न हवामानाचा होता. मी त्याच क्षणी ओळखलं की माझा निकाल लागला. पाचव्या दिवशी नंबर पुकारले, त्यात माझा नव्हता.

परंड्याच्या स्टँडवर उतरले तर सर उभे. ते कधी कुणाला आणायला जात नसत. बसचं वेळापत्रक वाचत असल्यासारखे उभे होते. ते माझ्यासाठी आलेत असा संशय येऊ नये म्हणून की काय, त्यांनी मला आधी बस किती उशिरा आली ते विचारलं. मग पाचही दिवस क्रमानं विचारले. मुलाखतीवर आले.

"घरचं विचारलं, शाळेचं, किल्ल्याचं," मी म्हणाले.

"आन क्लासचं?"

"न्हाय विचारलं."

ते माझ्या बुटांकडं बघत राहिले. "बरं," म्हणाले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये मात्र त्यांनी सोडलं नाही. "कुणी शिकवलं, ह्ये सायेब समद्यांना इचारतो. तुला येकटीलाच कसं न्हाय इचारलं?"

माझा बांध फुटला. "विचारलं! मी सांगितलं, सुभेदार आहेत. तोफखान्यातले. काश्मीरमधले. तोफेचा फार आवाज होतो म्हणून सांगितलं. तुम्ही होतात का सुभेदार?"

कोपऱ्यात सुपाचा आवाज थांबला.

"म्या कवा म्हणलो," सर सावकाश म्हणाले, "की म्या सुभेदार हाय?"

"न्हाय म्हणून तरी कवा सांगितलंत?"

त्यांनी बाकीच्या मुलांना घरी पाठवलं. आई उठायला लागली तर तिला हातानंच बसा म्हणाले. खुर्ची नेहमीसारखी दाराकडं होती. ती फिरवून ते आमच्याकडं तोंड करून बसले.

"सव्वीस वर्सं," ते म्हणाले. "सिलेक्शन सेंटरच्या मेसमदी. पयलं भांडी, मग टेबल. शेवटच्या दिवशी नंबर पुकारत्यात. ज्यांचा आला ती पोरं थांबत्यात, बाकीच्यांना गाडीत बसवायच्या आदी जेवणाचं पाकीट देत्यात. ती पाकिटं म्या वाटायचो. सायबाफुडं पाच दिवस पाठ केल्यालं बोलणारी पोरं पाकीट घेताना माझ्याफुडं खरं बोलायची. आता लपवायला काय ऱ्हायल्यालंच नसायचं. कुणी म्हणायचं, अंकल, मी वडलांचा धंदा खोटा सांगितला. कुणी म्हणायचं, मला पवता येत न्हाय आन मी येतं म्हणलो. येवढी वर्सं त्येच ऐकलं. त्येच तुमाला शिकवतो. दुसरं मला काय येत न्हाय."

"मग गावाला सांगायचं की," आई म्हणाली.

"गावात आलो त्या दिवशी हाटेलवाला म्हणला, या हवालदार, चा घ्या. म्या चा घेतला. तितंच चुकलं." मग त्यांनी आईलाच विचारलं, "मेसचा वाढपी हाय म्हणलं असतं, तर पाठवली असती का पोरीला?"

आईनं विचार केला. "न्हाय," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. त्यांना राग आला नाही, खरं उत्तर मिळाल्याचं समाधानच वाटलं असावं. मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "तुला पाकीट कुणी दिलं?"

"वेटरनं."

"कसा हुता दिसायला?"

मी आठवून बघितलं. पाकिटातल्या चार पुऱ्या आठवत होत्या, उकडलेला बटाटा, अंडं, डाग पडलेलं केळं आठवत होतं. माणूस आठवत नव्हता. म्हातारा होता की तरुण, तेही सांगता येईना. मला इतकी शरम वाटली की मी ओढणी तोंडाला लावून रडले. सर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. कुणीच बघत न्हाय." आणि थोड्या वेळानं, "तुझा नंबर माझ्यापायी गेला."

"न्हाय, सर. मीच खोटं बोलले."

"पाठ हाय का खरं?"

"निम्मं निम्मं," मी म्हणाले, आणि ते पहिल्यांदाच माझ्या एखाद्या उत्तरावर खूश झाले.

त्या दिवसापासून सरांनी गावात खरं सांगायला सुरुवात केली. हॉटेलात कुणी "सुभेदार" म्हणून हाक मारली की ते तिथंच उभं राहून सांगायचे, "सुभेदार न्हाय. मेसमदी वाढपी हुतो." लोकांनी ऐकलं, एकमेकांकडं बघितलं आणि एका आठवड्यात निकाल लावला. येवढा ताठ माणूस स्वतःला वाढपी म्हणवून घेतो, म्हणजे नक्की गुप्तचर खात्यातला असणार. वाढपी बनून शत्रूच्या छावणीत राहिला असणार. पदकं का लावत नाही, फोटो का नाही, सगळ्याचा उलगडा झाला! पूर्वी त्यांच्यावर संशय घेणारे आता त्यांना बघून आवाज बारीक करायला लागले. सर हैराण झाले. "सव्वीस वर्सांचं खरं सांगतोय तर कुणाला पटंना," ते आईपाशी कुरकुरायचे. आई म्हणायची, "तुमीच शिकवलंय की, कुणावर इस्वास ठिवायचा न्हाय म्हणून." माझ्या वडिलांनीही आपलं मत बदललं. पळून आलेला नाही, पाठवलेला आहे, असं ते म्हणायला लागले.

वयाच्या मर्यादेत माझी एकच संधी उरली होती. लेखी पुन्हा दिली, पुन्हा पास झाले. निघायच्या दिवशी सरांनी काही शिकवलं नाही, काही विचारलं नाही. स्टँडवरही आले नाहीत.

या वेळी मुलाखतीचे साहेब वेगळे होते, वयानं मोठे. मागच्या वेळी निवड झाली नाही हे फॉर्मवर दिसत होतं. बऱ्याच इकडच्यातिकडच्या प्रश्नांनंतर तो प्रश्न आलाच. तुला तयारी कुणी करून दिली?

"एका सिलेक्शन सेंटरच्या मेसमध्ये वाढपी होते, सर. त्यांनी."

"वेटरनं?" साहेब म्हणाले आणि हसले. वाईट हसले असं नाही. कुणी अचानक काही गमतीचं बोललं की आपण हसतो तसं हसले. पण हसले. नाकपुड्या फुगल्या, खांदे जरा हलले. मी खुर्चीची कड घट्ट धरली.

"हा तुमच्या क्लासनं शिकवलेला नवा प्रकार दिसतोय," ते म्हणाले. "साधेपणाची गोष्ट सांगायची."

"नाही, सर. गेल्या वेळी मी त्यांना सुभेदार म्हणून सांगितलं होतं. म्हणून मला पाकीट मिळालं."

"कसलं पाकीट?"

त्यांना माहीत नव्हतं. निवड न झालेल्यांच्या हातात गाडीत बसताना काय देतात हे वर बसणाऱ्या साहेबांना माहीत नव्हतं. मी सांगितलं. पुऱ्या, बटाटा, अंडं, केळं. ते कोण देतं आणि घेताना मुलं त्याला काय काय सांगतात, तेही सांगितलं. मला देणारा माणूस कसा दिसत होता हे मला आठवत नाही, हेही सांगून टाकलं. साहेब मग हसले नाहीत. त्यांनी काहीतरी लिहिलं आणि मला जायला सांगितलं. मागून काही पुसता आलं असतं तर मी तेवढं एक हसणं पुसून टाकलं असतं.

पाचव्या दिवशी नंबर पुकारले. तिसरा माझा होता. बाकीच्या मुली गाडीकडं गेल्या. आम्ही थांबलो. जमा केलेले फोन परत मिळाले तसा मी पहिला फोन सरांना लावला. त्यांच्याकडं साधा बटणांचा फोन होता आणि पलीकडचा माणूस बोलल्याशिवाय ते बोलत नसत.

"सर, मी बोलते. झालं."

"काय झालं?"

"निवड झाली. नंबर पुकारला."

"सोता ऐकलास, का दुसऱ्या कुणी सांगितलं?"

"सोता ऐकला."

"बरं." अभिनंदन वगैरे काही नाही. मग त्यांनी घसा खाकरला. "कुणी शिकवलं म्हणून इचारलं?"

"विचारलं."

"काय सांगितलंस?"

"मेसमध्ये वाढपी होते म्हणून सांगितलं."

पलीकडं लोखंडी खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मग," ते म्हणाले, आणि इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज एवढा बारीक ऐकला नव्हता, "सायेब हसला का?"

"न्हाय, सर."

"जरा बी?"

"जरा बी न्हाय."

"मग माणूस चांगला असंल," सर म्हणाले. कुणाबद्दल ते असं बोललेले मी कधी ऐकलं नव्हतं. मी "व्हय, सर" म्हणाले आणि फोन ठेवला.